पत्ता नसलेली माफी

विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागात टपाल कचेरी होती, तेव्हाची गोष्ट. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाबा कोकणातल्या आत्याला मनीऑर्डर करायचे. त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मीही बाजीराव रस्त्यानं यायची. बाबा फॉर्म भरायचे आणि मी मान वर करून बघत बसायची. पुढं आलेला लाकडी सज्जा, त्याला तोलून धरणारे सुरूचे खांब, माथ्यावर कोरलेली केळफुलं. सागवान काळंभोर झालेलं. भर दुपारीही त्या सज्ज्याखाली थोडी संध्याकाळ असायची.

खिडकीपलीकडच्या कारकुनांच्या टेबलावर पत्रांचा एक वेगळा गठ्ठा असे. सुतळीनं बांधलेला, वरच्या पत्रावर जांभळा शिक्का: ‘अपुरा पत्ता’. एकदा मी बाबांना विचारलं, या पत्रांचं पुढं काय होतं? ते म्हणाले, ‘‘मागं पाठवणाऱ्याचं नाव असलं तर परत जातात. घेणाऱ्याचंही नाव धड नसलं, तर पडून राहतात बिचारी.’’ ते ‘बिचारी’ माझ्या डोक्यातून गेलं नाही. कुणीतरी बसून, शाईत टाक बुडवून, मनातलं काही लिहिलेलं असणार, आणि ते घ्यायला माणूसच नाही.

पुष्कळ वर्षांनी त्या गठ्ठ्याची आठवण झाली ती एका जुन्या बातमीमुळं. त्याच वाड्यापुढची बातमी. २५ जून १९३४, सोमवार, संध्याकाळ.

तेव्हा वाड्यात पुण्याची म्युनिसिपालिटी होती. महापालिका व्हायला अजून सोळा वर्षं होती. लोकांच्या तोंडी ‘मुन्शिपाल्टी’. गांधीजींना मानपत्र द्यायचं ठरलं होतं. नोव्हेंबर १९३३ मध्ये ते वर्ध्याहून अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर निघाले होते. नऊ महिने, साडेबारा हजार मैल. गावोगाव देवळं, विहिरी, शाळा सर्वांना खुल्या करा म्हणून सांगत, झोळी पसरत हा चौसष्ट वर्षांचा माणूस हिंडत होता. हरिजन निधीत या दौऱ्यात आठ लाखांच्या घरात रुपये जमले. बायका हातातल्या बांगड्या काढून देत. आणि तितक्याच नेमानं काळी निशाणंही येत. एप्रिलमध्ये बिहारात जसीडीहजवळ सनातन्यांच्या जमावानं त्यांच्या मोटारीवर हल्ला केला, काचा फोडल्या. पुढं ओरिसात त्यांनी मोटारच सोडली आणि पायी चालायला सुरुवात केली. ज्याला अडवायचं आहे त्यानं खुशाल समोर यावं, मी गाडीच्या वेगानं निसटणार नाही, असाच त्या चालण्याचा अर्थ मला लागतो.

पुण्यात मात्र ते मोटारीनं येत होते. सोबत कस्तुरबा आणि तीन मुली. वाटेत रेल्वेच्या फाटकापाशी त्यांची गाडी अडकली असं सांगतात. दुसरी गाडी पुढं निघून आली. दाराशी जमलेल्यांना वाटलं, आले. जो टपून होता त्यालाही तेच वाटलं. बॉम्ब पडला. म्युनिसिपालिटीचे मुख्याधिकारी, दोन पोलीस शिपाई आणि आणखी काही माणसं जखमी झाली. ज्यांच्यासाठी तो होता ते काही मिनिटं मागं होते.

बॉम्ब टाकणारा सापडला नाही. कुणालाही शिक्षा झाली नाही. तो हात कुणाचा, हे आज नव्वद वर्षं उलटली तरी उघड झालेलं नाही.

ही बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला धक्का बसला तो बॉम्बचा नव्हे. आपल्याला हे इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं, याचा बसला. मी याच पेठांमधली. आमच्या घरात पानशेतचा पूर शंभरदा सांगितला गेला. १२ जुलैला पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं होतं ते आजी पदर सावरून उभी राहून दाखवायची. प्लेगात गाव ओस पडल्याच्या गोष्टी तिनं तिच्या आईकडून ऐकलेल्या होत्या, त्या तिच्याकडून आम्ही ऐकल्या. गणेशखिंडीत रँडवर झाडलेल्या गोळ्या, चापेकरांची फाशी, हे सगळं आम्हाला दूधभाताबरोबर भरवलं गेलं. विश्रामबागवाड्याच्या दारातला बॉम्ब कुणी एकदाही सांगितला नाही.

बाबांची नोकरी तर याच वाड्यात सुरू झालेली. अगदी कोवळ्या वयात ते पाणीपुरवठ्याच्या खात्यात कारकून म्हणून लागले. पुढं महापालिका नदीकाठच्या नव्या इमारतीत गेली. मनीऑर्डर करून झाली की कधीकधी ते मला आतल्या चौकात न्यायचे आणि वर बोट करून म्हणायचे, ‘‘तिथं माझं टेबल होतं.’’ त्यांच्या आजारपणात, शेवटच्या वर्षी, मी त्यांना बॉम्बचं विचारलं. बराच वेळ ते छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘ऐकून होतो गं. साहेबांना लागलं होतं तेव्हा. पुढचं कुणी बोलायचं नाही, आणि आम्ही विचारायचो नाही.’’ एवढंच. मग त्यांनी पाणी मागितलं.

पुण्याला हातांची नावं लक्षात ठेवायची सवय आहे. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव, तिन्ही चापेकर भावांची नावं शाळकरी पोर सांगेल. या बॉम्बच्या तीनच वर्षं आधी, जुलै १९३१ मध्ये, फर्ग्युसन कॉलेजच्या ग्रंथालयात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडणारे वासुदेव बळवंत गोगटे समोरासमोर उभे होते, जागच्या जागी पकडले गेले. जानेवारी १९४३ मध्ये कॅम्पातल्या कॅपिटॉल थिएटरात बॉम्ब फुटले, त्यातल्या तरुणांचीही नावं पुढं मानानं घेतली गेली. तिथं माणसं आपल्या कृत्याच्या मागं उभी होती. त्यांचं बरोबर की चूक याचा वाद घालता येतो, कारण वाद घालायला समोर माणूस आहे. १९३४ च्या हातामागं कुणी उभं राहिलं नाही. आपण केलं ते धर्मासाठी केलं असं त्याला वाटत असलं, तरी धर्माचं नाव घेऊन पुढं येऊन सांगावं एवढं ते त्यालाही वाटलं नसावं. काहींनी त्या हातापासून जानेवारी १९४८ मधल्या गांधीजींच्या खुनापर्यंत धागा ओढून पाहिला. कोर्टात सिद्ध झालं असं त्यात काही नाही, म्हणून मीही तो ओढत नाही.

मला वाड्याकडंच परत जायचं आहे. कारण त्या संध्याकाळी जे भांडण त्या दाराशी आलं, ते त्या भिंतींना नवीन नव्हतं.

दुसऱ्या बाजीरावानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा वाडा हौसेनं बांधून घेतला आणि शनिवारवाडा सोडून इथं राहायला आला. पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांत, १८२१ मध्ये, इंग्रजांनी इथं संस्कृत पाठशाळा उघडली, ब्राह्मणांच्या दक्षिणेच्या पैशांतून. जे शिकवायचं ते कुणाला शिकवायचं, हे तेव्हा सांगावंही लागत नव्हतं. आणि मग १६ नोव्हेंबर १८५२. त्याच वाड्यात सभा भरली आणि पंचवीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांच्या खांद्यांवर सरकारनं शालजोडी घातली, मुलींच्या शाळा काढल्याबद्दल. मेजर कँडी होते, शहरातली बडी मंडळी होती. ज्या चौकात मी ‘‘तिथं माझं टेबल होतं’’ ऐकत उभी राहायची, त्याच वास्तूत. तेव्हा सावित्रीबाईंवर रस्त्यात शेणगोळे पडत होते. म्हणजे वाड्याच्या आत शाल आणि बाहेर शेण. ब्याऐंशी वर्षांनी आत मानपत्र आणि बाहेर बॉम्ब.

१८७९ च्या मे महिन्यात वाड्याचा काही भाग जळला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे दिवस. शहरात आगी लागल्या, बुधवारवाडाही गेला. सरकारच्या संशयाची नजर न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसावर वळली आणि त्यांची धुळ्याला बदली झाली. अशा वेळी संशय कुठं जाऊन बसेल याचा नेम नसतो. हात सापडला नाही की शहरातल्या प्रत्येकाच्या हाताकडं बघितलं जातं. १९३४ नंतरही तसं झालं असेल का? की कुणी बघितलंच नाही? बाबांचं ‘आम्ही विचारायचो नाही’ मला दुसऱ्या शक्यतेकडं ढकलतं, आणि ती मला जास्त लागते.

कारण पुण्याला हा प्रश्न अगदी ताजा होता. १९२९ साली पर्वतीच्या देवळात जायला निघालेल्या अस्पृश्य सत्याग्रहींवर आणि त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या तरुणांवर पायऱ्यांवर दगड आले होते. त्यांतल्या एस. एम. जोशींना मारहाण झाली होती. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं उपोषण झालं, डॉ. आंबेडकरांना आपल्या लोकांच्या हक्काच्या मागणीवर पाणी सोडून करारावर सही करावी लागली, आणि ‘पुणे करार’ म्हणून गावाचं नाव त्या कागदाला कायमचं चिकटलं. त्या करारानं कुणाचं किती गेलं याचा हिशेब आजही मिटलेला नाही, मिटवण्याची घाईही करू नये. पण एवढं खरं की त्या उपोषणानंतर पावणेदोन वर्षांनी गांधीजी जे घेऊन म्युनिसिपालिटीच्या दाराशी येत होते, ते पर्वतीच्या पायऱ्यांवरून उतरलेलंच काम होतं. आणि दगडाच्या जागी आता बॉम्ब होता.

बॉम्बनंतर गांधीजींनी दिलेल्या निवेदनाचा आशय मी इथं माझ्या शब्दांत सांगते. मला हुतात्मा होण्याची हौस नाही, पण या कामात मरण आलं तर ते मला चालेल, असं ते म्हणाले. गाडीत कस्तुरबा होत्या, पालकांनी विश्वासानं सोपवलेल्या मुली होत्या, त्यांना काही व्हावं असं बॉम्ब टाकणाऱ्याच्याही मनात नसणार, असं म्हणाले. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ज्यानं मारायला बॉम्ब टाकला त्याच्या मनात एक कोपरा चांगला असणारच, हे ते स्वतःच्या वतीनं नव्हे, त्याच्या वतीनं सांगत होते. त्या अज्ञात माणसाची त्यांना कीव आली. तो कळला असता तर त्याला सोडा म्हणून मीच सांगितलं असतं, दक्षिण आफ्रिकेत सांगितलं होतं तसं, असंही ते म्हणाले. आणि सुधारकांना सांगणं एवढंच, की चिडू नका, काम दुप्पट करा.

दक्षिण आफ्रिकेतला तो प्रसंग म्हणजे मीर आलम. फेब्रुवारी १९०८, जोहान्सबर्ग. सरकारशी झालेला समझोता म्हणजे विश्वासघात, असं वाटून या पठाणानं भर रस्त्यात गांधीजींच्या डोक्यात काठी घातली. शुद्धीवर येताच त्यांनी मारणाऱ्यांना सोडा म्हटलं. सरकारनं शिक्षा केलीच. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मशिदीच्या आवारात परवाने जाळण्याची मोठी सभा झाली तेव्हा मीर आलम तिथं आला, आपली चूक झाली असं त्यानं सर्वांसमोर सांगितलं, स्वतःचा परवाना आगीसाठी दिला. गांधीजींनी त्याचा हात हातात घेतला.

आणि असंच काही पुण्यात आधी घडलेलं होतं. जोतीरावांना मारायला रात्री दोघं घरात शिरले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत येते. एक रोडे रामोशी आणि दुसरा धोंडिराम कुंभार. कुणीतरी पैसे कबूल करून पाठवलेले. जोतीराव जागे झाले, त्यांनी दोघांना विचारलं, मी तुमचं काय वाकडं केलं? काहीच नाही, हे त्यांनाही माहीत होतं. माझ्या मरणानं तुमच्या पोराबाळांचं भलं होणार असेल तर मारा, असं म्हणाल्यावर दोघं पायाशी बसले. रोडे त्यांच्या सोबतीला राहिला. धोंडिराम शिकला, पंडित झाला, पुढं सत्यशोधकांच्या कामात त्यानं लिहिलं, वाद केले.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की १९३४ मध्ये काय हुकलं ते मला दिसतं. शिक्षा हुकली याचं मला फारसं दुःख नाही. रोडेला आणि मीर आलमला जे मिळालं ते त्या तिसऱ्या माणसाला मिळालं नाही. कुणी त्याला ‘मी तुझं काय वाकडं केलं’ असं समोर बसून विचारलं नाही. त्याचा हात कुणी हातात घेतला नाही. माफी तर लिहून झाली होती, सही होती, तारीख होती, पाठवणाऱ्याचं नाव साऱ्या जगाला ठाऊक होतं. घेणाऱ्याचं नावच नव्हतं. अपुरा पत्ता.

गांधीजींनी पुढं त्याच वर्षी जे केलं ते या निवेदनालाच जोडून वाचायला हवं. पुण्यानंतर दहाच दिवसांनी अजमेरच्या सभेत त्यांना विरोध करत फिरणाऱ्या स्वामी लालनाथांना सुधारकांच्या बाजूच्या गर्दीतून मार बसला. त्यांना लागलं. बॉम्बवाल्याला माफ करा म्हणणाऱ्या माणसानं यासाठी मात्र स्वतःला माफ केलं नाही. दौरा संपल्यावर, ७ ऑगस्टपासून, वर्ध्याला सात दिवस उपास केला. आपल्यासाठी टाकलेल्या बॉम्बचं काही नाही आणि विरोधकाच्या डोक्याला लागलेल्या काठीचं प्रायश्चित्त. हा हिशेब मी कितीदा मांडून पाहिला, माझ्याच्यानं तो जमत नाही. पण खोटा आहे असंही म्हणवत नाही.

राहता राहिली ती जखमी माणसं. त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं, कदाचित बाबांमुळं. मुख्याधिकारी म्हणजे म्युनिसिपालिटीचा पगारी माणूस. पाहुणे यायच्या आधी रस्त्यावर पाणी मारलंय का, खुर्च्या पुरेशा आहेत का, दिव्यांचं काय, हार आलेत का, हे बघणारा. मानपत्र देतात निवडून आलेली मंडळी, आणि दाराशी उभा असतो नोकरमाणूस. बाबा असल्या समारंभांना किती वेळा दाराशी उभे राहिले असतील. सकाळी आई त्यांच्या कोटाला ब्रश मारून द्यायची आणि म्हणायची, ‘‘आज साहेब येणार ना, लवकर निघा.’’ त्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या घरीही असंच काही बोलणं झालं असेल. आणि ते दोन शिपाई. ब्रिटिश सरकारचे पोलीस, गांधींच्या गाडीला वाट करून द्यायला उभे, डोक्यावर पगडी, पिंढऱ्यांना पट्ट्या. ज्यांनी आधी सत्याग्रहींवर लाठी चालवली असेल, नसेल. त्या संध्याकाळी त्यांच्या अंगात बॉम्बचे तुकडे शिरले ते गांधींच्या वाट्याचे. त्यांची माफी कुणी मागितली नाही आणि तुम्ही माफ करता का असं त्यांना कुणी विचारलंही नाही.

गेल्या पावसाळ्यात, जूनच्याच शेवटी, मी मुद्दाम संध्याकाळी बाजीराव रस्त्यावर गेले. पाऊस नुकता थांबला होता. तुळशीबागेकडून येणाऱ्या बायकांच्या हातात पिशव्या होत्या, रिक्षा एकमेकींना खेटून उभ्या. सुरूचे खांब ओले झाले होते आणि ओल्या सागाचा तो लहानपणचा वास आला. मी खांबाला हात लावून उभी राहिले आणि फाटकाचा विचार करत राहिले. गाडी जायची म्हणून लाकडाचा एक दांडा खाली येतो, मालगाडीचे डबे एकामागून एक जात राहतात, मोटारीतल्या मुली ते मोजत असतील. तेवढ्यात इकडं सगळं होऊन जातं.

आणि मग त्या माणसाचा विचार. तो पुण्याचा असेल, बाहेरचा असेल. गर्दीतून निघून तो कुठल्यातरी बोळात वळला असेल. घरी जाऊन मोरीत हातपाय धुतले असतील, राखेनं तळवे घासले असतील. ‘‘आज उशीर केलास,’’ असं म्हणत कुणी ताट वाढलं असेल. त्याला भूक होती की नव्हती?

इतकी वर्षं मी ते पत्र पडून राहिलं असं समजत होते. त्या ओल्या खांबापाशी एकदम लक्षात आलं की तसं नसेल. निवेदन तर वर्तमानपत्रांत छापून आलं. दोन-चार दिवसांत पुण्यात घरोघर, कट्ट्याकट्ट्यावर वाचलं गेलं असणार. त्यानंही वाचलं असणार. ओटीवर बसून, इतरांसारखंच, पहिल्या ओळीपासून. साऱ्या शहरात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं की हे आपल्याला लिहिलेलं आहे. तो माणूस कळला असता तर सोडा म्हणालो असतो, या जागी त्याची नजर अडखळली असेल, कदाचित तो मागं जाऊन पुन्हा वाचू लागला असेल. आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस, चष्मा पुसत, हात पुढं करून म्हणालं असेल, ‘‘झालं का वाचून? मग इकडं दे.’’